उकळलेले पाणी पुरेसे नाही

कॅम्पवर आपण पाणी उकळतो किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाकतो. त्याने जंतू मरतात. शिसे, आर्सेनिक मात्र तसेच राहतात. उलट उकळताना पाणी आटते आणि धातूंचे प्रमाण वाढते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे : पाण्यातील धातू तपासणे हा कॅडेटच्या प्रशिक्षणाचा भाग हवा.

आपल्या चेन्नईतच एन्नोरच्या खाडीत औष्णिक वीज केंद्राची राख उतरली आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय आटले, तेव्हा लोकांनी मिळेल त्या टँकरचे पाणी भरले. भारतीय मानकानुसार लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. एवढे शिसे ना डोळ्यांना दिसते, ना जिभेला कळते.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला ते कळते. त्याच्या इलेक्ट्रोडवर ऋण दाब देऊन शिसे जमा करतात. मग दाब बदलत नेला की ते ठरावीक टप्प्यावर सुटते. त्या क्षणीच्या विद्युतप्रवाहावरून प्रमाण कळते. हे उपकरण हातात मावते.

इतर धातूंमुळे आकडा चुकू शकतो, म्हणून प्रयोगशाळेची खातरजमा हवीच. पण पहिला इशारा जागेवरच मिळतो. पहाऱ्यावरच्या जवानाकडून आपण तरी दुसरी कसली अपेक्षा करतो?