भिंतीतली वायर आपली आहे

"मोडेम गेलाय काका, नवा घ्यायला लागतोय." तीन पावसाळ्यांत हे वाक्य मी तीनदा ऐकलं. दोनदा पैसे मोजले. तिसऱ्यांदा त्या केबलवाल्याला दारातूनच परत पाठवलं आणि शिडी लावून खिडकीवरची केबल स्वतः सोडवली.

मोडेम ठणठणीत होता. चौकटीपाशी केबल खिळ्यानं चेपली होती आणि टोकाचा कनेक्टर नुसता पिळून बसवलेला. ओढला तसा तो हातात आला. आतल्या जाळीची पांढरट भुकटी झाली होती आणि फोमच्या कडेला पाण्याचा थेंब होता. छपरावरून आलेली केबल तशीच उतरती घरात घेतलेली. मग पाऊस तिच्या अंगावरून ओघळत सांध्यात जाणार नाही तर काय होणार? भोकाच्या बाहेर वीतभर झोल खाली सोडला असता तर पाणी तिथंच ठिबकून गेलं असतं. बसवणाऱ्याला हे कळत नव्हतं, असं मी मानत नाही. त्याला घाई होती आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

हे कोल्हापुरात चालतं, याची मला सगळ्यात जास्त चीड येते. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. उद्यमनगरात लेथवर केसाएवढा फरक बोटानं ओळखणारी माणसं आजही आहेत. हीच माणसं घरी आल्यावर नेट बंद दिसलं की केबलवाल्याला फोन लावतात आणि चार दिवस वाट बघत बसतात. का? तर म्हणे "ते टेक्निकल असतंय." त्यात एवढं टेक्निकल काय आहे? मधे एक तार, भोवती फोम, त्यावर फॉइल आणि जाळी, बाहेरून काळं आवरण. ऑलिव्हर हेविसाइडनं या रचनेच्या मूळ कल्पनेचं पेटंट 1880 साली घेतलं. दीडशे वर्षं होत आली, आणि आपण अजून तिला हात लावायला भितो.

दुकानात जाऊन 75 ओहमची आरजी-6 केबल मागा, बाहेरच्या भागासाठी काळीच. कनेक्टर पिळायचा घेऊ नका, हत्यारानं दाबून बसणारा घ्या. आवरण सोलून जाळी मागं दुमडायची, फोम कनेक्टरच्या आतल्या कडेशी सपाट यायला हवा, मधली तार जराशी पुढं. जाळीचा एक धागा त्या तारेला टेकला तरी सिग्नल मेला, म्हणून इथं चष्मा लावूनच बसा. कोपऱ्यात केबल काटकोनात मोडू नका, ऐसपैस वळण द्या. विजेच्या वायरीच्या पाइपातून ती कधीही ओढू नका.

आणि ते स्प्लिटर काढून टाका. माझ्या घरात एकापुढं एक तीन निघाले. ज्या खोल्यांतले टीव्ही कधीच गेले, त्यांच्यासाठीचे. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्याला निम्मीसुद्धा ताकद मिळत नाही. तीन ओलांडून मोडेमपर्यंत एक दशांशही उरत नव्हती. कित्येक केबल मोडेममध्ये 192.168.100.1 हा पत्ता उघडला की सिग्नलचा आकडा समोर दिसतो. तो शून्याच्या आसपास असावा, सात खाली किंवा सात वर चालतो. माझा उणे 16 होता. स्प्लिटर काढून, केबल बदलून तो उणे 2 झाला. त्याच मोडेमवर, जो "गेला" होता.

खांबावर मात्र चढायचं नाही. आमच्या गल्लीत त्याच खांबावरून विजेच्या ताराही गेल्यात. खांबापासून घरापर्यंतची केबल हे केबलवाल्याचं काम, आणि ते त्याच्याकडून करून घ्यायचं. पण उंबऱ्याच्या आतली केबल पैसे मोजून मी घेतली, भिंत माझी आहे, आणि तिथं खिळा कुठं मारायचा हे मीच ठरवणार.

धंदा करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. मोडेम गेला म्हणता, तर आधी तो आकडा ग्राहकाला दाखवा आणि पावतीवर लिहा, जुना मोडेम काढण्यापूर्वीचा आणि नवा लावल्यानंतरचाही. दोन्ही आकडे सारखेच वाईट निघाले, तर नव्या मोडेमचे पैसे त्याच दिवशी परत द्या.