ओटा पुरा झाला, पण शाळा?



नागापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही यंदा स्वयंपाकघराचे काम काढले. काम तसे लहानच. जमिनीवरची शेगडी वर घ्यायची, कडप्प्याचा ओटा करायचा, मोरी कोपऱ्यात सरकवायची आणि उखडलेला कोबा काढून फरशी बसवायची. मिस्त्री म्हणाले, "आठ दिवसांत मोकळं करतो." लागले बावीस दिवस. ज्यांनी घराला हात घातला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

ओट्याची हौस म्हणून हे काम काढले नव्हते. पावसाळ्यात आमच्या धाकट्याने रांगत जाऊन वरणाच्या पातेल्याला हात घातला. पातेले त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर लवंडले. तो वाचला, पण त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. बोनस आला की दुसरे काही नाही, आधी ओटा, असे तेव्हाच ठरले.

दिवाळीनंतर काम सुरू झाले आणि सारा संसार पुढच्या खोलीत आला. भांडी पोत्यात भरून खाटेखाली, धान्याचे डबे खाटेवर. तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी धुळीने माखू नयेत म्हणून स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्या. शेगडी लोखंडी टेबलावर मांडली. सिलिंडर खाली, उभाच ठेवला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता जमिनीलगत साचतो आणि लहान मूल नेमके तिथेच खेळत असते. म्हणून स्वयंपाक दार उघडे ठेवून करायचा आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचा, हा नियम आम्ही मोडला नाही.

इतके सांभाळले, तरी एक मोठी चूक आमच्या हातून झालीच. सहचारिणीला चूल बघायची, पाणी भरायचे, मिस्त्रीला हवे-नको पाहायचे. आम्ही पहिल्या पाळीला कंपनीत. मग धाकट्याकडे कोण पाहणार? आमची थोरली सात वर्षांची, दुसरीत शिकते. तिला म्हणालो, "दोन दिवस घरी राहा, भावाला सांभाळ." दोनाचे चार दिवस कसे झाले, आमच्या ध्यानातही आले नाही.

पाचव्या दिवशी गावाहून आई आली. पाहते तर नात भावाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी आणि समोर वाळूच्या ढिगावर बिगारी बाईची दोन वर्षांची पोर बारदानावर निजलेली. आईने हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. म्हणाली, "का रं, पोरीची शाळा बुडवून ओटा बांधतोस व्हय? बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायची अन् मी सात वर्षांची, धाकल्या भावाची झोळी हालवायचे. दोन दिसासाठीच गेले होते मी बी. पुन्हा शाळंचं तोंड बघितलं न्हाई."

आम्ही मान खाली घातली. १९७२ च्या दुष्काळात तिच्या आईपुढे दुसरा मार्ग नव्हता. आमच्यापुढे होता, पण आम्ही तो शोधला नाही. परळच्या चाळीत एका खोलीत चूल, अंथरूण आणि अभ्यास एकत्र असताना भीमरावांना सुभेदार रामजी रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत, हे आम्ही दर जयंतीला ऐकतो. मग आपल्या घरी आठ-पंधरा दिवसांची अडचण आली, तर पहिली कात्री मुलीच्या शाळेवर का चालावी? मुलावर चालली असती काय?

दुसऱ्या दिवसापासून थोरली शाळेत गेली. आम्ही एका सहकाऱ्याशी बोलून दुसरी पाळी घेतली. सकाळी लेकरे आमच्याकडे, दुपारनंतर आईकडे. आईने पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि बिगारी बाईच्या पोरीलाही आत आणून बसवले. दोघांना एकाच ताटलीत मुरमुरे. ती बाई घमेले उतरवून दारातून पाहायची आणि हसून पुन्हा कामाला लागायची.

पन्नासपेक्षा जास्त बांधकाम मजूर स्त्रिया असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवावी, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात म्हटले होते. आपल्या घरच्या कामावर मजूर स्त्री एकच असते. तिथे कायदा पोहोचत नाही, आपली माणुसकी पोहोचली पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील सवलतींच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. राबणाऱ्या आईचा विचार करायला त्यांनीच आपल्याला शिकवले.

घरात लहान मुले असताना काम काढणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. ओले सिमेंट कातडी भाजते. मुलाच्या अंगाला लागले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार धरा आणि दवाखाना गाठा. पाण्याची बादली, पिंप उघडे ठेवू नका, रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते. दगड, फरशी घराबाहेर आणि पाणी मारूनच कापायला सांगा. ती कोरडी धूळ मुलांच्या आणि कापणाऱ्याच्याही फुप्फुसाला घातक असते. आणि बांधकामाला पाणी मारण्यात घाई करू नका. आज बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस ओल लागते. मुहूर्त कोणाला विचारायचा नाही, तेव्हा घाई तरी कशाची?

सहा डिसेंबरला काम बंद ठेवले. पुढे आठवड्याभरात ओटा पुरा झाला. मिस्त्री आणि बिगारी बाईची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती केली. नव्या ओट्यावरचा पहिला चहा सर्वांनी मिळून घेतला. आता सहचारिणी ओट्यावर भाकरी थापते आणि थोरली खाली बसून पाढे म्हणते. बुडलेल्या चार दिवसांचा अभ्यास तिने मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेतला. तो उतरवून घेताना तिच्याशेजारी आम्हीच बसलो होतो.

घर जरूर बांधा, पण त्यासाठी मुलीचे दप्तर खुंटीला टांगू नका. जयभीम!