वंशभेद आपल्याही दारात

वंशभेद म्हणजे अमेरिकेचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न, अशी आपण सोयीची समजूत करून घेतली आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला कलिन्यात एक मोटारसायकलस्वार मणिपूरच्या तरुणीवर थुंकून पसार झाला. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. करोना हे निमित्त होते. चेहऱ्याच्या ठेवणीवरून आपल्याच देशातल्या माणसाला परके ठरवण्याची खोड त्याहून जुनी आहे.

२०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा दिल्लीत अशाच हिणवण्यातून झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा गुन्ह्यांसाठी कठोर तरतुदी सुचवल्या. तरीही वंशभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा आजही नाही. संविधानाचा अनुच्छेद १५ राज्यसंस्थेला वंशावरून भेदभाव करू देत नाही. घर भाड्याने देताना, लोकलच्या डब्यात, नाक्यावर मात्र ती मर्यादा आपणच पाळायची असते.

त्याच कलिन्यातल्या मुंबई विद्यापीठाच्या संकुलात देशभरातून मुले येतात. म्हणूनच वंशभेद खरोखर गंभीर आहे का, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ आहे. कायदा हवाच, पण हिणवणाऱ्याला तिथल्या तिथे अडवणारा शेजारीही हवा.