रंगाऱ्याचे बाराशे रुपये

मागच्या रविवारी विहारात वंदना झाली. त्रिसरण, पंचशील, सगळं तोंडपाठ. खोटं बोलणार नाही हे शील मीही इतरांबरोबर मोठ्या आवाजात घेतलं. बाहेर येऊन गाडीला किक मारतो तोच फोन वाजला. दिवाळीआधी घर रंगवून गेलेला रंगारी. त्याचे बाराशे रुपये द्यायचे राहिलेत. म्हणालो, "दादा, गावाला आलोय. आलो की देतो."

शील घेऊन पाच मिनिटं झाली नव्हती. खिशात दोन हजार होते.

हे एका मित्राला सांगितलं तर तो हसला. "अरे, आपण धम्म घेतला तो स्वाभिमानासाठी, जात झुगारण्यासाठी. असलं बारीकसारीक बघत बसायला आपण काय भिक्खू आहोत?"

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय, स्वतःही केलाय. ऐकायला क्रांतिकारी वाटतो. पण आहे पळवाट, आणि म्हणूनच मला त्याच्याशी भांडायचंय.

भिक्खूंना विनयाचे दोनशेच्या वर नियम आहेत. ही पाच शीलं आहेत ती संसारी माणसासाठी, म्हणजे ज्याच्या दारात रंगारी येतो त्याच्यासाठी. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात जुने देव सोडण्याच्या प्रतिज्ञा आहेत, तशाच चोरी न करण्याच्या, खोटं न बोलण्याच्या, दारू न पिण्याच्याही आहेत. पहिल्या आपल्याला पाठ असतात, कारण त्या दुसऱ्याशी वाद घालताना कामाला येतात. बाकीच्या आपल्याच अंगावर येतात, म्हणून त्या आपण भराभर म्हणून टाकतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये बाबासाहेबांनी सरळ मांडलंय की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकत्र आली की धम्माशिवाय सुटका नाही. मी आणि रंगारी, झालो की दोन माणसं!

नावाची किंमत मी कमी करत नाही. आमच्या संभाजीनगरात (औरंगाबाद म्हणायची जिभेची सवय अजून जात नाही) तर कुणीच करू नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला जुलै १९७८ मध्ये, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं गेली. इतकं महाग पडलेलं नाव आपण लावतो. मग त्या नावाखाली काय भरतो, हे विचारायचं नाही का?

विचारणं हीच तर इथली रीत. बाबासाहेबांनी १९५० साली इथे कॉलेज काढलं, त्याला पुढे नाव मिळालं मिलिंद. परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन उत्तर देणारा भिक्खू. त्यांच्या संवादातला रथाचा दाखला प्रसिद्ध आहे. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावं लागतं. रथ हे नुसतं नाव, सगळे भाग जुळले की वापरायचं.

हाच प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. भिंतीवरची तसबीर म्हणजे बौद्ध का? पांढरे कपडे? दाखल्यावरचा शब्द? जयंतीचा डीजे? हॉलमधली ध्यानस्थ मूर्ती, जी आता बौद्ध नसलेल्यांच्या घरीही शोभेला असते? नाही, नाही आणि नाही. रोजचं वागणं काढून घेतलं की उरतं नुसतं नाव. आणि नुसत्या नावात बसून कुठे जाता येत नाही.

मित्राला हे पटलं नाही. म्हणाला, बाराशे रुपयांसाठी एवढं! पण माझ्यासाठी ते बाराशे असतील, त्याच्यासाठी दोन दिवसांची मजुरी होती.

सोमवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. "गावाहून कधी आलात साहेब?" त्यानं विचारलं. गेलोच नव्हतो, खोटं बोललो, म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही. नोटा हातात घेतल्या आणि माझ्यासमोर दोनदा मोजल्या.