वह्यांचे वाटप आणि मुलांचा हक्क



जून महिना उजाडला की आपल्या वस्त्यांतून एक देखावा दरवर्षी दिसू लागतो. कोणते तरी सेवाभावी मंडळ येते. ओट्यावर सतरंजी अंथरली जाते, टेबल मांडले जाते, हार येतात, छायाचित्रकार येतो. मुलांना रांगेत उभे करण्यात येते. एकेक मूल पुढे येते, पाहुण्यांच्या हातून दोन वह्या आणि एक दप्तर स्वीकारते, छायाचित्र निघेपर्यंत थांबते, वाकून नमस्कार करते आणि परत जाते. मग भाषणे होतात. गरिबांच्या लेकरांसाठी काहीतरी करण्याची संधी मिळाली याबद्दल पाहुणे धन्यता मानतात, आणि आपले पुढारी त्यांचे आभार मानतात. दुसऱ्या दिवशी मंडळ निघून जाते. वह्या दिवाळीपर्यंत भरतात. मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र जेथे होता तेथेच उभा राहतो.

आमचे म्हणणे वाह्यात वाटू नये म्हणून आरंभीच स्पष्ट करतो की, वहीला आमचा विरोध नाही. ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि बाप नाक्यावर मजुरीची वाट पाहत उभा असतो, त्या घरात एका वहीचीही किंमत असते. आमचा आक्षेप वहीसोबत जे दुसरे काही मुलाच्या हाती दिले जाते त्याला आहे. वही देताना त्याला वाकायला शिकविले जाते. जे त्याचे आहे तेही कोणाच्या तरी कृपेने मिळते, असा धडा त्याच्या कोवळ्या मनावर कोरला जातो. हा धडा शाळेतील कोणत्याही धड्यापेक्षा खोल रुजतो, आणि तो पुसून काढण्यास एक जन्म पुरत नाही. आपल्या वाडवडिलांनी हाच धडा शेकडो वर्षे गिरविला नव्हता काय?

दया आणि हक्क यांतील हा वाद नवा नाही. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संघ स्थापन झाला. पुढे तोच हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. घनश्यामदास बिर्ला त्याचे अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर त्याचे चिटणीस होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेस जात असताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना एक विस्तृत पत्र लिहिले. त्या पत्राचा गाभा प्रत्येक बौद्ध मातापित्याने समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, दलितांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिली दृष्टी म्हणते, माणूस दुःखात आहे याचे कारण तो स्वतःच आहे. म्हणून त्याला सद्गुण शिकवा, व्यायामशाळा काढा, ग्रंथालय काढा, दारू सोडवा, म्हणजे तो सुधारेल. दुसरी दृष्टी म्हणते, माणूस ज्या परिस्थितीत जखडला गेला आहे ती परिस्थितीच त्याच्या दुःखाचे कारण आहे. म्हणून प्रथम पाणवठा, शाळेचे दार, गावचा रस्ता आणि रोजगार यांवरील त्याचा हक्क प्रस्थापित करा. संघाने आपले बळ या दुसऱ्या कामी लावावे, आणि काम करणारी माणसे शक्यतो दलितांतूनच घ्यावीत, असे बाबासाहेबांनी सुचविले होते. त्या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. पुढे दलितांचे प्रतिनिधी संघाच्या कारभारात असावेत अशी मागणी झाली, तेव्हा हा संघ म्हणजे सवर्णांच्या प्रायश्चित्ताची संस्था आहे, सबब त्याचा कारभार त्यांनीच पाहावा, असे उत्तर मिळाले.

वाचकहो, या उत्तराचा नीट विचार करा. ज्याच्या नावाने पैसा जमतो, ज्याच्या दुःखाचे वर्णन करून देणगी मागितली जाते, त्यालाच त्या पैशाच्या विनियोगात बोलण्याचा अधिकार नाही. कारण त्या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन देणाऱ्याच्या मनाची शांती हे आहे. आपले मूल तेथे केवळ निमित्त आहे. आज वस्तीत येणाऱ्या अनेक मंडळांची नावे निराळी आहेत, परंतु त्यांची रीत हीच आहे.

कोणी विचारील, मग मुलांसाठी काम करणारी संस्था असावी तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी एक सभा बोलाविली, आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात माध्यमिक शाळेतील आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा खर्च सभेने उचलला, आणि सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले. तरुण पोरे जुगार आणि दारूच्या अड्ड्याकडे वळू नयेत म्हणून हॉकीचा संघही काढला. वसतिगृहातील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक स्वतः चालवीत.

वरवर पाहता हे सारे एखाद्या धर्मादाय मंडळाच्या कामासारखेच दिसते. जेवण, कपडे, वह्या, खेळ, वाचनालय यांत वेगळे ते काय? वेगळेपणा तीन गोष्टींत होता, आणि त्या तिन्हींत सारा फरक सामावलेला आहे.

पहिली गोष्ट, सभेच्या उद्देशांत वसतिगृहे आणि वाचनालये काढण्याबरोबरच बहिष्कृत वर्गाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे हाही उद्देश होता. जी संस्था मुलाला जेवू घालीत होती, तीच संस्था त्याला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारीत होती. दुसरी गोष्ट, सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि उपाध्यक्षांत इतर समाजांतील प्रतिष्ठित गृहस्थ होते. परंतु व्यवस्थापक मंडळाची सूत्रे बाबासाहेबांच्या हाती होती, आणि सीताराम शिवतरकर चिटणीस होते. बाहेरचा माणूस मदतीस आला तर त्याचे स्वागत होते, पण घराची किल्ली घरच्यांच्या कमरेला होती. तिसरी गोष्ट, मुलांच्या हाती लेखणी देऊन त्यांना त्यांचे मासिक चालवू दिले. त्या काळी ज्या मुलांना शाळेत बाकाजवळही येऊ देत नसत, ती मुले संपादक झाली. दान घेणारा मुलगा आणि संपादक झालेला मुलगा यांच्या पाठीच्या कण्यात किती अंतर असते, हे आम्ही वेगळे सांगावयास पाहिजे काय? याच मार्गाने पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय उभे राहिले. पंधरा-वीस मुलांच्या ताटापासून निघालेली वाट महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचली.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. १९२५ साली वसतिगृहातील मुलाच्या बाजूने कायदा नव्हता. आज तो आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचे मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ चा त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या बंधनातून मोकळे केले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. भोजन, निवास व निर्वाहासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करावेत, असे त्या योजनेने ठरविले.

धर्मांतर केले म्हणून हे हक्क बुडतात, अशी भीती अजूनही काही जण नवदीक्षित कुटुंबांना घालतात. ही भीती एके काळी खरी होती. १९५६ नंतर केंद्राच्या सवलतींतून बौद्धांना वगळले गेले होते. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून राज्यातील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या बाबतीत मात्र १९९० सालापर्यंत लढावे लागले, आणि त्या वर्षी बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना कायद्याने मान्यता मिळाली. चौतीस वर्षांचा हा लढा वह्या वाटून जिंकला गेला नाही. तो मोर्चे, निवेदने, कारावास आणि अथक आग्रह यांनी जिंकला गेला.

तेव्हा वस्तीत येणाऱ्या मंडळाला आमचा सरळ प्रश्न आहे. आपण दोनशे रुपयांचे दप्तर देता, ठीक आहे. परंतु या मुलीच्या थोरल्या भावाच्या शिष्यवृत्तीचा हप्ता अडकून पडला आहे, त्यासाठी आपण कधी कचेरीची पायरी चढलात काय? या बापाच्या जात प्रमाणपत्राचे कागद अपुरे म्हणून परत आले, तेव्हा आपण कोठे होता? ज्या खासगी शाळेचे चालक आपल्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून बसतात, त्या शाळेत राखीव पंचवीस टक्के जागा भरल्या काय, असे त्यांना विचारण्याचे धैर्य आपण दाखविले काय? जो दप्तर देतो आणि हक्काविषयी मौन पाळतो, तो दप्तराच्या किमतीत आपले मौन विकत घेतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, भुकेल्या मुलाला हक्काचे व्याख्यान देऊन त्याचे पोट भरते काय? नाही भरत, हे आम्हांसही मान्य आहे. म्हणूनच सोलापुरात आधी ताट वाढले गेले. परंतु ताट वाढणाऱ्याने गाऱ्हाणे मांडू नये, असा नियम कोणी केला? भाकरी आणि हक्क यांत निवड करावयास लावणारा माणूस मुलाचा हितचिंतक नव्हे. दुसरा आक्षेप असा की, बौद्ध धम्मानेच दानाचा महिमा सांगितला आहे, मग तुम्ही दानाची निंदा कशी करता? धम्मातील दान ही देणाऱ्याने स्वतःची तृष्णा कमी करण्यासाठी करावयाची साधना आहे. घेणाऱ्याला लहान करण्याचा अधिकार ती देत नाही. अनाथपिंडिकाने जेतवन दिले, तेव्हा भिक्षुसंघाला त्याने आपल्यापुढे रांगेत उभे केले नव्हते. जे दान घेणाऱ्याची मान खाली घालते, ते दान नसून व्यापार आहे.

आता एक कटू गोष्ट आपल्याच लोकांना सांगतो. हेच माप आपल्या स्वतःच्या मंडळांनाही लावले पाहिजे. १४ एप्रिलला ध्वनिक्षेपकावर आणि रोषणाईवर जेवढा पैसा जळतो, तेवढ्यात एका वस्तीची अभ्यासिका वर्षभर चालते. आपल्या किती मंडळांच्या कार्यकारिणीत स्त्रिया आहेत? किती ठिकाणी मुलींना अभ्यासिकेत रात्री आठनंतर निर्धास्तपणे बसता येते? बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावयास सांगितले होते. त्याचा हिशेब आपण एकमेकांस कधी विचारतो काय? दुसऱ्याच्या दयेचा तिटकारा करावयाचा आणि स्वतःच्या मुलांसाठी काही करावयाचे नाही, हा स्वाभिमान नव्हे. तो निव्वळ आळस आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने कोणत्याही संस्थेला, मग ती परकी असो वा आपली, चार प्रश्न विचारावेत. एक, संस्थेचा जमाखर्च कोठे पाहावयास मिळेल? नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला आपले तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत सादर करावे लागतात. तेव्हा हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. दोन, कारभारात वस्तीतील माणसे, विशेषतः माता, किती आहेत? तीन, मुलांना निवासात ठेवून सांभाळणारी संस्था असेल, तर तिने कायद्याप्रमाणे नोंदणी केली आहे काय, आणि तेथे मुलाने तक्रार केली तर ती कोण ऐकतो? चार, मुलाला मिळणाऱ्या मदतीच्या बदल्यात कोणती प्रार्थना, कोणता जयजयकार वा कोणते छायाचित्र मागितले जाते? या चार प्रश्नांना सरळ उत्तरे देणाऱ्या संस्थेचा हात आनंदाने धरावा, मग ती कोणत्याही जातीधर्माची असो. ज्यांना प्रश्नच अपमानास्पद वाटतात, त्यांची वही त्यांनाच परत द्यावी.

आणि आपण काय करावे? प्रत्येक विहारात आठवड्यातून एक दिवस अर्ज भरण्याचा ठेवा. शिकलेल्या तरुणांनी शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वाधार आणि शाळाप्रवेश यांचे अर्ज तेथे बसून भरून द्यावेत. त्यांची नोंदवही ठेवावी, कोणाचा हप्ता किती दिवस अडकला आहे हे तीत लिहावे. महिनाअखेर ती वही घेऊन दहा आयांनी समाजकल्याण कचेरीत जावे. एकटी आई गेली तर तिला उद्या या असे सांगतात, दहा गेल्या तर खुर्ची देतात. त्याच विहारात संध्याकाळी दिवा लावून मुलांना अभ्यासाला बसवा, आणि मुलांच्याच हातून एक भिंतीवरचे पाक्षिक चालू करा. याला देणगीदार लागत नाही. एक खोली, एक दिवा आणि चार निश्चयी माणसे लागतात.

आपली मुले कोणाच्या पुण्याची सामग्री नाहीत. ती या देशाची समान नागरिक आहेत. त्यांच्या हाती वही अवश्य पडो, परंतु ती घेताना त्यांची मान ताठ असो, आणि तिच्या पहिल्याच पानावर त्यांनी आपल्या हक्काचा अर्ज लिहावा.

जय भीम.