थांबत चालावे



ख्रिस्ती बांधवांच्या उपवासकाळात ‘क्रूसाची वाट’ चालतात. वधस्तंभाकडे निघालेल्या येशूच्या अखेरच्या प्रवासाचे स्मरण करीत १४ ठिकाणी थांबायचे व प्रार्थना करायची. कित्येक ठिकाणी ही वाट टेकडी चढत जाते. बारामती-इंदापूरकरांना यात अपरिचित काही वाटू नये. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी हे तुकोबांच्या पालखीचे मुक्काम आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. श्रद्धेची वाट थांबत थांबतच पुढे सरकते.

चालणारा मात्र हे विसरतो. एका आषाढीनंतर साठीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. अनवाणी चालण्याचा नवस होता. तळपायाला रुपयाएवढी जखम झाली होती. पण दुखत नव्हती, म्हणून त्या तशाच चालत राहिल्या. मधुमेहाने पायांची संवेदना हरपली होती. अशा पायाला वेदना नसणे हाच धोका असतो. पाय वाचला, पण जखम भरायला तीन महिने लागले.

म्हणून मधुमेहींनी अनवाणी चालू नये. प्रत्येक मुक्कामी तळपाय डोळ्यांनी पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना दाखवावेत. इन्सुलिन अथवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. खिशात साखर ठेवावी. कॅथॉलिक चर्चचा उपवासाचा नियमही १८ ते ५९ वयापुरताच आहे आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे.

उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान येतो, तेव्हा ऊन तापू लागलेले असते. चढण सकाळी लवकर चढावी, तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. चढताना छाती आवळली, जबडा वा डावा हात दुखू लागला, घाम फुटला, तर तेथेच बसावे. थांबल्यावर बरे वाटले तरी पुढे चढू नये व त्याच दिवशी तपासून घ्यावे. बरे न वाटल्यास १०८ला फोन करावा. मधुमेहींना छातीत न दुखता केवळ दम लागू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

क्रूसाच्या वाटेवर येशू तीनदा पडतो. पाचव्या थांब्यावर कुरेनेकर शिमोन त्याचा क्रूस उचलून घेतो. त्या वाटेवरही दुसऱ्याच्या खांद्याला जागा आहे. तेव्हा पाय अडखळला, तर शेजाऱ्याला निःसंकोच हाक मारा.