हज्जाजची वीस वर्षे

शाळेच्या इतिहासात हज्जाज बिन युसूफ भेटतो तो एका ओळीपुरता: महंमद बिन कासिमला सिंधवर पाठवणारा इराकचा सुभेदार. त्या एका ओळीवरून त्याला कुणी गाझी म्हणतं, कुणी राक्षस. मला त्याची उरलेली कारकीर्द जास्त छळते.

ताइफचा हा माणूस आधी मुलांना शिकवायचा. इ.स. ६९२ मध्ये त्याने मक्केला वेढा घालून शहरावर दगडांचा मारा केला. दोन वर्षांनी खलिफा अब्दुल मलिकने त्याला इराक दिला. ७१४ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. त्याने कालवे काढले, कूफा आणि बसरा यांच्या मध्ये वासित शहर वसवलं. आणि महसुलाचं सगळं दप्तर फारसीतून अरबीत नेलं. चालू सिस्टिमचा डेटा नव्या सिस्टिमवर हलवताना किती रात्री जातात, हे मी नोकरीत भोगलंय. त्यामुळे माझ्यातला इंजिनिअर इथे त्याला दाद देऊन मोकळा होतो. ‘कडक होता, पण कामाचा माणूस’ हे वाक्य आपल्या तोंडी असंच येतं. आजच्या पुढाऱ्यांबद्दलही येतं.

पण त्या दप्तरात माणसं होती. शेतकरी इस्लाम स्वीकारून गावं सोडू लागले, शहरात येऊ लागले. मुसलमान झालेल्याकडून जिझिया घ्यायचा नाही, पण मग तिजोरीचं काय? हज्जाजने त्यांना गावी परत हाकललं आणि जिझिया चालूच ठेवला. त्यांच्या हातांवर गावाचं नाव उमटवलं, असंही जुने इतिहासकार सांगतात. नव्या मुसलमानाला ज्याने महसुलातली तूट मानलं, त्याला आपल्यातले काही जण दीनचा शिपाई म्हणतात! सईद बिन जुबैरसारख्या आलिमाला तर त्याने ठारच केलं. बंडात सामील होते, हा त्यांचा गुन्हा.

दमास्कसला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. पण महसूल वेळेवर पोचत होता.

खलिफा सुलेमान आला आणि हज्जाजच्या माणसांचे दिवस फिरले. बलाझुरीच्या वृत्तांतानुसार महंमद बिन कासिम वासितच्याच तुरुंगात छळ सोसून मेला. छळ करणारा अधिकारी होता सालिह बिन अब्दुर्रहमान. त्याच्या भावाला हज्जाजने मारलं होतं. दप्तर फारसीतून अरबीत आणलं होतं, तेही याच सालिहने.